बसून शाई पिणारं मशीन

माझ्या उजव्या हाताच्या तीन नखांत निळा रंग कायमचा बसला आहे. देवळात तीर्थ घ्यायला हात पुढं केला की नवखा पुजारी पळी धरून जरा थांबतो. म्हाताऱ्याला काही रोगबिग आहे की काय, असं त्याला वाटतं. रोग नाही, शाई आहे. रुंद कागदावर छापणाऱ्या मोठ्या मशीनची शाई. साबणानं जात नाही, रॉकेलनं जात नाही आणि घरच्या मालकिणीच्या बोलण्यानंही गेली नाही.

मी वर्ध्याजवळ सिंदी मेघेत राहतो. शाळा चौथीपर्यंत केली, त्यातही चौथी दोनदा. त्यानंतर ब्रश धरला. दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या मागच्या फळ्या, शाळांच्या भिंतींवरचे सुविचार, सगळं माझ्या हातचं. अक्षर वाचायला मला वेळ लागतो, काढायला लागत नाही. मग फ्लेक्स आलं. ज्या बोर्डाला मी चार दिवस लावायचो तो मशीनमधून अर्ध्या तासात निघू लागला. बाकीच्या पेंटरांनी मशीनला शिव्या दिल्या. मी म्हटलं, शत्रूचं तोंड एकदा पाहून तर यावं.

पाहायला गेलो तेव्हा दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता. मशीनखाली गुलाबी शाईचं थारोळं. नागपूरहून आलेली दोन पोरं इंग्रजी पुस्तक उघडून पानं उलटत होती. मला इंग्रजी येत नाही, म्हणून मी पुस्तकाकडं न पाहता थेंबाकडं पाहिलं. कुठून सुटतो, किती वेळानं सुटतो, आतलं डोकं डावीकडं गेल्यावर सुटतो की उजवीकडं. दहा मिनिटांत मी बोट ठेवलं. शाईची नळी पत्र्याच्या कडेला घासून घासून विरली होती. नळी बदलली, थेंब थांबला. त्या दिवशी ब्रश सुटला आणि पेचकस हाती आला.

तेव्हापासून वर्धा जिल्ह्यात कुठंही असं मशीन ठिबकलं की मला फोन येतो. पुस्तक वाचता न येण्यानं माझं कधी अडलं नाही, असं मी वीस वर्षं छाती ठोकून सांगत आलो.

लोकांना वाटतं मशीन चालवल्यानं झिजतं. मोटरपंपाचं, शिलाई मशीनचं तसं असेल. शाईच्या मशीनचं उलट आहे, ते ठेवून ठेवून मरतं. त्याच्यात एक डोकं असतं. ते दांड्यावरून इकडून तिकडं पळतं आणि कागदावर शाई सोडतं. डोक्याच्या तळाला केसाहून बारीक भोकं. शाई पाण्यासारखी पातळ, उघड्यावर राहिली की भोकातच वाळते. म्हणून काम संपलं की डोकं उजव्या टोकाला आपल्या घरात जाऊन बसतं. तिथं रबरी काठाची एक छोटी वाटी असते. ती खालून वर येते आणि डोक्याच्या तळाला गच्च चिकटते, हवा म्हणून आत शिरू देत नाही. वाटीखाली पंप. तो अधूनमधून डोक्यातून थोडी शाई ओढतो, भोकं मोकळी करतो आणि ओढलेली शाई खालच्या टाकीत फेकतो. टाकीत स्पंजासारखी गादी असते, ती शाई पिऊन घेते. मी त्या टाकीला मशीनची मोरी म्हणतो. जी शाई कागदाला कधी लागलीच नाही, ती सगळी तिथं जाते.

रोज चालणाऱ्या मशीनची बरीचशी शाई कागदावर जाते. पंधरा दिवसांतून एकदा चालणाऱ्याची मोरीत जाते, कारण ते जागं झालं की आधी तोंड धुतं. गिऱ्हाईक मला विचारतं, "छापलं तं काईच नाई, मंग शाई गेली कुठं?" मी मोरी उघडून दाखवतो. 

वर्ध्याच्या एका इंजिनिअरच्या मशीनवर ही मोरी भरल्याचा लाल दिवा लागला. त्यानं मोरी बदलली नाही, कुणाला तरी बोलावून नुसता दिवा विझवून घेतला. मला फोनवर सांगत होता, "मशीनले फसवलं काका." मशीन फसलं, शाई थोडीच फसते. त्याच्या खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटला छतावर निळा डाग वाढताना दिसत होता, पण तोंडात नळी असल्यानं बोलता येत नव्हतं. तो नुसता वर बोट करत राहिला. डॉक्टरला वाटलं दुखतंय. त्यानं आणखी एक सुई टोचली.

जाम गावच्या चौकात एक स्टुडिओवाला होता. त्याच्या मशीनला बाहेरून शाईच्या बाटल्या जोडलेल्या, बाटल्यांतून बारीक नळ्या डोक्यापर्यंत. उंदरांच्या भीतीनं त्यानं त्या बाटल्या वर, देवाच्या फळीवर मांडल्या. रोज सकाळी मशीनखाली तळं.

"काका, बंद मशीन मुतते कसं?"

"तू ट्रॅक्टरमधून नळीनं डिझेल काढतं, तवा डबा वर ठेवतं का खाली?"

तो उठला आणि त्यानं बाटल्या खाली घेतल्या. त्या दुरुस्तीला एक पेचसुद्धा काढावा लागला नाही.

असे किस्से सांगताना शहाणा नेहमी मीच असतो. कारंज्याच्या किश्शात तसं नाही, म्हणून तो मी अजून चहाच्या टपरीवर सांगितलेला नाही.

कारंजा घाडग्यात, हायवेपासून जरा आत, वर्षा नावाची एक सून आहे. आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकलेली. नवरा नागपूरकडं कंपनीत, आठवड्यातून एकदा घरी येतो. दोघांनी एक वापरलेलं छत्तीस इंची मशीन आणून घरातल्या रस्त्याकडच्या खोलीत बसवलं. घराचे प्लॅन छापायचे, शेताचे नकाशे मोठे करून द्यायचे, असा विचार. पण कारंज्यात असं काम रोज कुठून येणार? पंधरा दिवसांत एखादा कागद निघायचा. बाकी दिवस मशीन चादर पांघरून उभं.

घर एकत्र आणि कारभार तिच्या भासऱ्यांकडं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाकडं. वसंतराव त्यांचं नाव. संत्र्याचा बगीचा, थोडा कापूस आणि मोजकं बोलणं. हायवेवरच्या एका टायरवाल्याला ती रस्त्याकडची खोली हवी होती. वसंतरावांनी वर्षाला सांगून ठेवलं होतं, "दिवाळीवरी पाहू. चाललं तं चाललं. नाई तं मशीन इकून टाकू न् खोली त्याले देऊ."

"भाऊजी शब्द फिरवत नाईत," वर्षा मला म्हणाली. हे ती भीतीनं म्हणाली की मानानं, मला तेव्हा कळलं नाही.

मागच्या वर्षी श्रावणात मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो. तक्रार नेहमीचीच, छापत नाही तरी शाई संपते. मी भिंतीकडं पाहिलं तर बोर्डावरचं बटण बंद.

"हे कोन बंद करते?"

"भाऊजी. झोपाच्या आधी घरातले सारे बटनं बंद करते ते. इजा चमकतात म्हून."

मी तिला समजावून सांगितलं. मशीनला त्याच्या स्वतःच्या बटणानं निजवलं तर डोकं वाटीत नीट बसतं. भिंतीवरून वीज तोडली की ते अर्धवट निजतं आणि सकाळी वीज आल्यावर घाबरून मोठी आंघोळ करतं. त्या आंघोळीला शाई लागते. रोज बंद, रोज आंघोळ. तिला मी दोन नियम घालून दिले. भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. आणि काम असो नसो, दर सोमवारी न् गुरुवारी सगळ्या रंगांची चार बोटं रुंद पट्टी छापायची, म्हणजे भोकं वाळत नाहीत.

वसंतराव दारात उभे राहून ऐकत होते. "म्हणजे शाई वाचवाले शाई खर्च करा लागते," ते म्हणाले. "हे तं सरकारी काम झालं."

"जनावर कामावर नसलं तरी त्याले पानी दाखवाच लागते नं जी," मी म्हटलं.

त्या रात्रीपासून त्यांनी ते एक बटण सोडून बाकीची बंद केली.

दसऱ्यापर्यंत सगळं ठीक चाललं. आणि दसऱ्यानंतर वर्षाला तिचं पहिलं मोठं काम मिळालं. तिच्या सासरचं वावर ज्या गावच्या शिवारात आहे, तिथल्या ग्रामपंचायतीला भिंतीवर लावायला शिवाराचा नकाशा हवा होता. कोणाचं वावर कुठं, नाला कसा वळतो, पाणंद रस्ता कुठून जातो, विहिरी किती, सगळं एका कागदावर. दिवाळीआधीच्या ग्रामसभेत तो लावायचा होता. आठवडाभर ती उन्हात पायी हिंडली होती. हा नकाशा चांगला निघाला तर शेजारची दोन गावंही तिलाच काम देणार होती. म्हणजे मशीनला चादरीतून बाहेर यायचं कारण मिळणार होतं, आणि वसंतरावांना उत्तर.

नेमका तेव्हा तिचा फोन आला. "काका, मशीनखाली काळं पानी आलं."

मी गेलो. मशीन उघडायच्या आधी विचारलं, "बोर्ड बंद केलता?"

"नाई काका."

"पट्ट्या काढत होती?"

"हो."

"पाह्य पोरी, माणूस खोटं बोलते, मशीन बोलत नाई."

ती खाली पाहत उभी राहिली. मोरीची गादी बरीच भरली होती, ती मी बदलली आणि आता थेंब पडणार नाही असं सांगून आलो. दोन दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेलो, नळ्यांचे जोड आवळले. खरं म्हणजे जोड घट्टच होते. पण काहीतरी केल्यासारखं दिसावं लागतं ना. वसंतराव दाराशी खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी विचारलं, "मशीनमदी खराबी आहे का?"

मशीनमध्ये खराबी आहे म्हटलं असतं तर माझी दुरुस्ती खोटी ठरली असती. मी म्हणालो, "मशीनले काई झालं नाई. आयटीआयवाल्याईले पुस्तकातलं मशीन समजते जी, हाताखालचं समजत नाई."

हे मी तिच्यासमोर बोललो. ती चहाचे कप उचलत होती. तिचा हात थांबला नाही, पण कप ट्रेमध्ये जरा जोरात ठेवला गेला. वसंतरावांनी मान हलवली. माझ्या त्या एका वाक्यावर त्यांनी टायरवाल्याला निरोप धाडला, की येऊन खोली मोजून जा.

हे मला तिसऱ्या फोनवर कळलं. "काका, तीन दिवसानं ग्रामसभा आहे," वर्षा म्हणाली. "टायरवाला उद्या दुपारी येऊन राह्यला. तुमाले जमते का सकाळी?" आवाजात राग नव्हता. राग असता तर मी जाताना एवढा जड झालो नसतो.

सकाळच्या बसनं पोचलो. मी सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात तिनं कपाटातून एक गठ्ठा आणून माझ्यापुढं ठेवला. सोमवार-गुरुवारच्या पट्ट्या. प्रत्येकीवर पेन्सिलनं तारीख, एकही खाडा नाही. श्रावणापासून दसऱ्यापर्यंत प्रत्येक रंग सरळ आणि स्वच्छ. दसऱ्यानंतरच्या पहिल्या पट्टीत पिवळ्याला हिरवट झाक. पुढच्या पट्टीत रेघा तुटलेल्या. त्याच्या पुढच्या पट्टीत पिवळा जवळजवळ मेलेला.

वाचायला मला वेळ लागतो, पण तो गठ्ठा मला लगेच वाचता आला. पोरीनं एकही नियम मोडला नव्हता. आणि जे काही बिघडलं ते दसऱ्याच्या आसपास बिघडलं होतं.

मी पिशवी खाली ठेवली आणि ज्या कामाला मी दोन फेऱ्यांत आळस केला होता ते काम केलं. मशीन बंद केलं, खालून सगळं पुसून कोरडं केलं, आणि डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पांढऱ्या कागदाचे तुकडे अंथरले. मग स्टुलावर बसलो. गळती शोधायची तर असंच बसावं लागतं. एकाच रंगाचा थेंब पडला तर त्या रंगाची नळी फुटलेली असते. सगळे रंग मिसळून चिखल पडला तर दोष वाटीत किंवा मोरीत, कारण रंग एकत्र होतात त्या जागा तेवढ्याच.

वसंतराव दाराशी खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. "आज नुसते बसले जी?" त्यांनी विचारलं.

"आज काम करून राह्यलो," मी म्हटलं.

अर्ध्या तासानं अगदी उजव्या टोकाच्या कागदावर एक थेंब पडला. काळपट, तपकिरी, चिखल. मोरी तर मी बदललेली. उरली वाटी.

दाढीचा आरसा नेहमी माझ्या पिशवीत असतो. तो वाटीखाली तिरपा धरला आणि बॅटरी मारली. वाटीच्या रबरी काठावर एक धागा आडवा पडला होता. एक टोक वाटीच्या आत, एक टोक काठावरून बाहेर लोंबलेलं, आणि त्या टोकाला पुढचा थेंब तयार होत होता. दिव्यातली वात तेल ओढते ना, तसा तो धागा वाटीतली शाई ओढून बाहेर टाकत होता. वर त्या धाग्यामुळं डोकं आणि वाटी यांत फट पडलेली. फटीतून हवा जाऊन भोकं वाळायची, आणि वाटीतला मिसळलेला चिखल पिवळ्याच्या भोकांत चढायचा. गळती, तुटक्या रेघा, हिरवट पिवळा, सगळं त्या एका धाग्याचं काम.

चिमट्यानं तो काढून मी पांढऱ्या कागदावर ठेवला. शाईनं काळा झालेला, पण मधे थोडा पांढरा राहिलेला. कापूस. आणि त्याला चिकटलेला लाल कण, कुंकवाचा.

तो कण मी ओळखला.

माझी एक रीत आहे. दसऱ्याला मी, ज्या मशीनला त्या वर्षी हात लावला असेल, तिथं जाऊन पूजा करतो. पूर्वी ब्रशची करायचो. मागच्या दसऱ्याला मी वर्षाकडंही गेलो होतो. घरात कापसाची वस्त्रमाळ करून ठेवलेली होती, देवाला घालतात ती, कुंकवाची बोटं लावलेली. वर्षा म्हणाली होती, "काका, माळ झाकणावरूनच घालू. आत काई पडलं तं?" मी तिला हसलो होतो. "पूजा डोक्याची करतात पोरी, पदराची नाई," असं म्हणून मी झाकण उघडलं, डोकं बाजूला घेतलं, वाटीच्या अगदी वर ती माळ घातली, नमस्कार केला, माळ उचलली आणि डोकं परत जागेवर बसवलं. माळ मी उचलली. तिचा एक धागा मागं राहिला.

"काय सापडलं जी?" वसंतरावांनी दारातून विचारलं.

"कचरा," मी म्हणालो.

खोटं नव्हतं ते. चिमूटभर कापसाला कचराच म्हणतात. मी वाटी पुसली असती, मशीन चालू करून दिलं असतं आणि नाव माझंच झालं असतं. तेवढ्यात वर्षा चहा घेऊन आली. तिनं कागदावरचा धागा पाहिला, कुंकवाचा कण पाहिला, माझ्याकडं पाहिलं. तिला सगळं कळलं.  तिनं कप ठेवला आणि तो कागद हळूच दुमडून बाजूला सारला, भासऱ्यांना दिसू नये असा.

ती माझी लाज झाकत होती, आणि तिची खोली माझ्याच वाक्यानं चालली होती.

मी तो कागद घेतला, उलगडला आणि वसंतरावांसमोर नेऊन धरला.

"हा कचरा माहा आहे," मी म्हणालो. "दसऱ्याले म्या माहा हातानं माळ आत घातली. ही नाई म्हणत होती, म्या ऐकलं नाई. त्या दिवशी तुमच्यापुढं हिच्याबद्दल जे बोललो, ते चूक बोललो. हिनं मशीन बरोबर सांभाळलं."

त्यांनी कागदाकडं पाहिलं, संत्र्याची एक फोड तोंडात टाकली, बी काढून हातात घेतली.

"म्हणजे दोष मशीनचा नाई न् हिचाबी नाई."

"नाई."

"मंग खोली तुमचीच रिकामी करा लागते."

तोंडावरची एक रेघ हलली नव्हती. वर्षा पदर तोंडाला लावून आत वळली. एवढ्या फेऱ्यांत मी तिला पहिल्यांदा हसताना पाहिलं.

पण काम संपलं नव्हतं. धाग्यानं बरीच शाई वाया घालवली होती. निळी तर तळाला लागलेली, आणि नवी नागपूरशिवाय मिळत नाही. मी शुद्ध पाण्यात भिजवलेल्या फडक्यानं डोक्याचा तळ टिपून घेतला, वाटीचा काठ पुसला, आणि मशीनची सफाई चालवली, फक्त एकदा. इथंच लोक चुकतात. एकदा सफाई करून रेघ तुटकी आली की लगेच दुसऱ्यांदा दाबतात, मग तिसऱ्यांदा, आणि अर्धी बाटली मोरीत जाते. वाळलेली शाई मऊ व्हायला वेळ हवा असतो. एकदा दाबायचं आणि तासभर हात बांधून बसायचं. हे दिसायला सोपं आहे, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना फार कठीण.

त्या तासात टायरवाला आला. टेप काढून भिंत मोजू लागला. मशीनपाशी येऊन म्हणाला, "हे जरा सरकवता का काका?"

"त्याले हात नको लावू," मी म्हटलं. "ते भिजून राह्यलं."

त्यानं वसंतरावांकडं पाहिलं. वसंतराव सोललेलं संत्रं त्याच्यापुढं करून म्हणाले, "बस. इतक्या घाईत टायर इकतं का तू?"

तास झाला. वर्षानं पट्टी काढली. पिवळा जिवंत झाला होता, लाल ठीक, काळा ठीक. निळ्यात एक रेघ तुटकी. माझा हात आपोआप सफाईच्या बटणाकडं गेला. वीस वर्षांची सवय. लोकांना सांगतो ते स्वतःला कोण सांगणार.

"काका, थांबा," वर्षा म्हणाली. "नकाशात निळा फक्त नाल्याले न् विहिरीईले आहे. एक रेघ नसली तं कोनाले दिसत नाई. पुन्हा सफाई केली तं निळाच उरत नाई."

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. ते मी गिळलं आणि हात मागं घेतला. "काढ," मी म्हटलं.

मशीन चालू झालं. डोकं इकडून तिकडं जाऊ लागलं, आणि कागद बोटाबोटानं बाहेर येऊ लागला. आधी वरची चौकट, मग गावठाण, मग मारुतीचं देऊळ, शाळा, पांढरी पाणंद. मग नाला वळण घेत खाली उतरला, निळाशार, आणि खरंच कुठं काही तुटलेलं दिसलं नाही. मी अशी शेकडो मशीनं चालू होताना पाहिली आहेत, पण ज्या मशीनला मीच आजारी पाडलं होतं ते उठताना पहिल्यांदा पाहत होतो. मी वाकून मशीनखाली अंथरलेला नवा कागद पाहिला. कोरा.

वसंतराव केव्हा उठून मशीनशेजारी येऊन उभे राहिले, कळलं नाही. माझ्यासमोर ते कधी दाराच्या आत आले नव्हते. एकेक वावर बाहेर येत होतं आणि ते ओठ हलवत नावं वाचत होते. मग त्यांचं स्वतःचं आलं. त्यांनी बोट पुढं केलं.

"ओलं आहे भाऊजी," वर्षा म्हणाली. "हात नका लावू."

बोट हवेतच राहिलं. "हे काय केलं तू," ते म्हणाले. "माही विहीर धुऱ्याच्या तिकडं दाखवली. म्हणजे बाजूवाल्याच्या वावरात."

"सरकारी कागदावर तशीच आहे भाऊजी. म्या तुमाले तीनदा म्हटलं, संगं चला, दाखवा. तुमी नाई आले."

"पंचायतीच्या भिंतीवर हे लागलं तं बाजूवाला उद्याच मोटर बसवन."

"मंग या नं दाखवाले."

ती हे खाली मान न घालता बोलली. वसंतराव वाकून त्या छोट्या निळ्या गोलाकडं पाहू लागले. टायरवाला टेपचं टोक धरून मागं उभा होता. त्यानं खाकरून विचारलं, "मंग खोलीचं कसं करू जी? उद्या सामान आणू का?"

"उद्या कुठं?" वसंतराव मान न वळवता म्हणाले. "उद्या सकाळी हिच्यासंगं वावरात जा लागते. दुपारी विहीर सरकवाची आहे, न् मंग पुन्हा छापाचं आहे. परवा सभा आहे. तू हायवेवरच पाह्य एखादी जागा."

टायरवाल्यानं टेप गुंडाळून खिशात टाकला. मी पेचकस, आरसा, चिमटा पिशवीत भरू लागलो, तर वर्षा कोरी पट्टी माझ्यापुढं धरून उभी. तिच्यावर तिनं पेन्सिलनं शाईचा नंबर लिहिला होता, मोठ्या अक्षरात, मला वाचता येईल असा.

"काका, निळी लागन," ती म्हणाली. "उद्या दुपारच्या आत आणजा."

मी हो म्हटलं आणि पट्टी वरच्या खिशात ठेवली. सिंदी मेघेला न जाता तसाच नागपूरच्या बसमध्ये बसलो.